‘बाबा पूर्वी असे नव्हते’ : मायलोमाच्या उपचारात घरात होणाऱ्या चिडचिडीबद्दल

प्रश्न असा आहे : “माझे सासरे ७६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. आम्ही कर्वेनगरला राहतो. मार्चमध्ये त्यांना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा, रक्ताचा कॅन्सर) निघाला. दर गुरुवारी पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, त्याच दिवशी डेक्साच्या गोळ्या, रोज लेनालिडोमाइडची कॅप्सूल आणि महिन्यातून एकदा हाडांसाठी सलाइन. रिपोर्ट सुधारतायत असं डॉक्टर म्हणतात. पण घरात बाबा सतत चिडलेले. रात्र रात्र जागे असतात, जेवण दोन घास, पाणी तर पीतच नाहीत. सासूबाईंवर ओरडतात, मग स्वतःच रडतात. ‘यापेक्षा गेलेलो बरा’ असं म्हणतात. ते पूर्वी असे नव्हते. आम्ही कुठे कमी पडतोय?”

ताई, ‘रिपोर्ट सुधारतायत’ आणि ‘ते पूर्वी असे नव्हते’ ही दोन वाक्यं मी सव्वीस वर्षं ऐकतेय आणि बहुतेक वेळा ती एकाच दमात बोलली जातात. मी केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर होते. आता घरी जाऊन पेशंट बघते, पेठांमधल्या जुन्या वाड्यांपासून धायरीच्या सोसायट्यांपर्यंत. तुम्ही कमी पडताय असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. पण बाबांचा स्वभाव बदलला असं मनाशी पक्कं करू नका. या आजारातल्या चिडचिडीला वार असतो आणि वेळ असते. काही औषधातून येते, काही आजारातून आणि काही, हे जरा लागेल तुम्हाला, आपण घरच्यांनी केलेल्या काळजीतून येते. तिन्ही वेगवेगळी ओळखता आली तर काय करायचं तेही दिसतं.

पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारते : डेक्साच्या गोळ्या किती वाजता घेतात? डेक्सामिथॅसोन हे स्टिरॉइड आहे आणि या उपचारात ते रोज थोडं थोडं न देता आठवड्यातून एकदा मोठ्या डोसमध्ये देतात. ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर ४० मिलिग्रॅमला एका वेळी दहा गोळ्या होतात. पंच्याहत्तरीपुढच्यांना बहुधा निम्मा डोस देतात, तरी पाच होतात. पाच-दहा गोळ्या एकदम घ्यायची माणसाला भीती वाटते. मग घरात कोणीतरी त्या सकाळ-दुपार-रात्र अशा वाटून देतं किंवा ‘रात्रीच्या गोळ्यां’च्या डबीत टाकतं. झालं, त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ठरलेला डोस सकाळी नाश्ता झाल्यावर एकदम घ्यायचा असतो. तुमच्याकडे गोळ्या संध्याकाळी किंवा रात्री जात असतील तर डॉक्टरांना फोन करून वेळ बदलून घ्या. हे एवढंसं काम केल्यावर झोप परत आलेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

सकाळी घेऊनही गुरुवारची रात्र जागरणाची जाऊ शकते. शुक्रवारी माणूस भलत्याच उत्साहात असतो, माळा आवरायला काढतो, सगळ्यांना फोन लावतो. शनिवारी दुपारपासून उतार लागतो आणि रविवारी पार गळून जातो. रडू, संताप, ‘कशाला जगवताय मला’ हे सगळं बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐकू येतं. आता बघा, तुमच्याकडे नातेवाईक भेटायला कधी येतात? रविवारी. सुट्टी असते, म्हणून सगळे रविवारीच येतात आणि बाबांच्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस नेमका तोच असतो. पाहुण्यांना बुधवारी संध्याकाळी बोलवा. ज्यांना बुधवार जमत नाही त्यांनी फोन करावा. दोन-तीन आठवडे वहीत वार, वेळ आणि काय झालं एवढंच लिहून बघा. ओरडणं कुठल्या वारी जास्त आहे ते आपोआप समोर येईल. ती पानं डॉक्टरांना दाखवली तर ते डोस कमी करायचा का, इंजेक्शनचा वार बदलायचा का, याचा विचार करू शकतात. मात्र डेक्सा आपल्या मनानं बंद किंवा कमी करू नका, ते उपचाराचाच भाग आहे.

डेक्सानं साखरही वाढते, पूर्वी मधुमेह नसला तरी. सकाळी उपाशीपोटी तपासली तर बरेचदा बरी दिसते. डेक्साच्या दिवशी ती दुपारनंतर चढते. म्हणून गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी तपासा. चढलेल्या साखरेनंही माणूस तापट होतो, तोंड कोरडं पडतं, लघवीला सारखं जावं लागतं.

आता पाण्याचं. तुम्ही ‘पाणी पीतच नाहीत’ असं एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझी नजर तिथेच अडली. मायलोमात मूत्रपिंड जपणं फार महत्त्वाचं. या आजारात तयार होणारी नको ती प्रथिनं मूत्रपिंडात अडकतात, हाडांतून सुटलेलं कॅल्शियम त्यात भर घालतं. पाणी कमी पडलं की सगळ्याचा ताण तिथे येतो. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा सुजेसाठी पाणी मोजून दिलं नसेल तर दिवसभरात दोन-अडीच लिटर तरी पोटात जायला हवं. पण ‘बाबा, पाणी प्या’ असं दर तासाला म्हणून ते होणार नाही. ते का पीत नाहीत ते शोधावं लागेल.

एका घरची गोष्ट सांगते. नारायण पेठेतले आजोबा, अठ्ठ्याहत्तरीचे, जवळजवळ हीच औषधं. तेही पाणी प्यायचे नाहीत. मुलगा बाटलीवर रेघा मारून ठेवायचा, आजोबा बाटली बेसिनमध्ये ओतून द्यायचे. मी गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, लेंगा आणि बनियन. बोलता बोलता उठले, संडासाकडे गेले आणि दार लावायच्या आधीच मला दिसलं की ते नाडीशी झगडतायत. बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत दाबत होते, पण गाठ हाताला लागतच नव्हती. बोर्टेझोमिबनं बोटांच्या आणि तळपायांच्या नसांना इजा होते. आधी मुंग्या, मग जळजळ, मग कापसावर चालल्यासारखं बधिरपण. बटण, नाडी, सुई, नाणं ही पहिली हातातून सुटतात. आजोबांचा लेंगा वेळेत सुटायचा नाही, ओला व्हायचा. सुनेसमोर तो वाळत घालायची लाज. म्हणून त्यांनी पाणीच बंद केलं होतं. आणि हे कोणाला सांगता येत नाही म्हणून चिडत होते, पाण्याचा ग्लास पुढे करणाऱ्या प्रत्येकावर.

आम्ही त्यांना इलॅस्टिकचे तीन पायजमे आणले. रात्रीसाठी पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवलं. संध्याकाळी सातनंतरचं पाणी कमी करून ते सकाळी आणि दुपारी वाढवलं. पाण्याची कटकट तिथे संपली.

बाबांच्या बाबतीत हेच असेल असं नाही, पण विचारा. तुम्ही सून, तुम्हाला सांगायला ते लाजतील. तुमच्या यजमानांनी एकट्यानं, दार लोटून विचारावं : बटणं लावता येतात का, नाडी सुटते का, चप्पल पायातून कधी निसटली ते कळतं का. शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची लावलेली ठेवली तर तो डोक्यावरून घालता येतो. मुंग्या वाढतायत हे डॉक्टरांना लवकर सांगायचं, कारण डोस वेळेत कमी केला तर नसा सावरायला वाव राहतो, उशीर झाला तर बधिरपण कायमचं राहू शकतं. पुष्कळ म्हातारी माणसं औषध बंद होईल या भीतीनं हे लपवतात. आंघोळीचं पाणी बाबांना बोटांनी बघू देऊ नका, कोपरानं किंवा दुसऱ्या कोणी बघावं. गिझरच्या पाण्यानं भाजलेले पाय मी पाहिलेत, माणसाला पत्ताच नव्हता. घरात रबरी तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल असू द्या. आणि उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. बोर्टेझोमिबनं उभं राहताना बीपी पडू शकतं, आणि मायलोमाच्या पोकळ झालेल्या हाडांना एक पडणंसुद्धा महागात जातं.

बद्धकोष्ठता हे चिडण्याचं आणखी एक कारण, जे कोणी सांगत नाही. तीन-तीन दिवस पोट साफ नसेल तर कोणाला गोड बोलता येईल? इसबगोल दिलं आणि वर पाणी कमी पडलं तर ते आणखी घट्ट होतं. डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजसारखं पातळ औषध सुरू करा, आणि ‘झालं नाही तर घेऊ’ असं न करता सांगितलं तसं रोज घ्या.

जेवणाबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण घराघरांत त्याच विषयावर सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि त्यांतून काही निघत नाही. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवा. लिंबू, कोकम, आमसुलाचं सार, ताकातली कढी यांनी चव फिरते. ताट वाढून पुढे ठेवण्यापेक्षा वाटीत थोडंसं, दिवसातून सहा वेळा. डाळ, अंडं, घरी विरजलेलं दही, पनीर, खात असतील तर मासे. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो हे ऐकून काही घरांत म्हाताऱ्या माणसाचा चहाही फिका करतात. मधुमेह नसेल तर तो घोटभर गोड चहा त्यांच्याकडून काढून घेऊ नका. कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी, पाणीपुरी मात्र नको. ग्रीन टी टाळा. बोर्टेझोमिबच्या कामात तो अडथळा आणतो असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसलंय. गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, कोणी गावाकडून पाठवलेली पूड, काहीही देण्याआधी डॉक्टरांसमोर ठेवा. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. प्रेमानं आणलेलं असतं सगळं, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. ते नाही तुम्ही म्हणा, बाबांना म्हणायला लावू नका.

पाठ दुखते म्हणून शेजाऱ्यांकडची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडाला घातक. पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजून, कारण ते ताप झाकतं. दुखणं त्यानं भागत नसेल तर मॉर्फिनपर्यंतची औषधं आहेत. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं घरात कोणी म्हणालं तर सांगा की ते दुखण्यावरचं औषध आहे, चालती-फिरती माणसं घेतात. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली बदल झाला तोच मुळी ही औषधं दुखणाऱ्यांपर्यंत नीट पोचावीत म्हणून.

काही गोष्टी अशा आहेत की वार-वेळ बघत बसायचं नाही, सरळ निघायचं. ताप १००.४ किंवा वर गेला, किंवा ताप नसताना हुडहुडी भरली (डेक्सा ताप दडवतं). पायांतली ताकद अचानक गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, पाठीत नवीन असह्य कळ आली. अशा वेळी मणक्यात नस दाबली गेलेली असू शकते आणि तासांचा हिशेब असतो. एकाच पायाला सूज आली किंवा दम लागला तर लेनालिडोमाइडमुळे रक्ताची गुठळी झाली असू शकते. बाबा असंबद्ध बोलायला लागले, सारखी तहान, सारखी झोप असेल तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. अंगावर एका बाजूला जळजळीचा पट्टा किंवा फोड दिसले तर नागीण, त्याच दिवशी दाखवा. ती होऊ नये म्हणून एसायक्लोविरची गोळी बहुधा चालू असेल, ती चुकवू नका. दात काढायचा असेल तर हाडांच्या सलाइनआधी दंतवैद्यांना आणि डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, जबड्याचं हाड बिघडू शकतं. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिनं लेनालिडोमाइडच्या कॅप्सूलला हात लावायचा नाही.

आता ‘यापेक्षा गेलेलो बरा’. आपल्याकडे हे ऐकलं की सगळे एका सुरात म्हणतात, ‘असं अभद्र बोलू नका.’ म्हणजे माणूस बोलायचा थांबतो, वाटायचं थांबत नाही. त्याऐवजी शेजारी बसा आणि सरळ विचारा : ‘बाबा, फार सोसवत नाही का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. तो असेल तर बाहेर येतो. बहुतेक जण म्हणतात की नाही गं, थकलोय फक्त. पण ‘हो’ म्हणाले, किंवा गोळ्या साठवताना दिसले, निरवानिरवीची भाषा करायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, एकटं ठेवू नका, औषधांचा डबा आपल्या ताब्यात घ्या. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डेक्साच्या उतारातलं रडणं दोन दिवसांत सरतं. दोन आठवडे रोजच उदास असतील, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर या वयातही औषध लागू पडतं.

सुरुवातीला म्हटलं ना, काही चिडचिड काळजीतून येते. बाबा बँकेत होते. चाळीस वर्षं आकड्यांत गेलेला माणूस. आता त्यांची फाइल कोणाकडे आहे? मेडिकलची बिलं कोण जमा करतं? बँकेचं काम, फोनवरून पैसे पाठवणं कोणी आपल्याकडे घेतलं? माझा अंदाज चुकत असेल तर माफ करा, पण मार्चपासून हे सगळं मुलानं ‘बाबांना त्रास नको’ म्हणून उचललं असणार. डॉक्टरांच्या खोलीतही मुलगाच बोलतो, बाबा बाजूच्या खुर्चीत. डॉक्टर मास्क लावून भरभर बोलतात, कमी ऐकू येतं, दुसऱ्यांदा विचारायचा संकोच. नारायण पेठेतल्या त्या आजोबांना मी विचारलं होतं, काय हवंय? ते म्हणाले, ‘सकाळी दूध मी आणायचो.’ बस, एवढंच. डॉक्टरांना विचारून काठी घेऊन ते पुन्हा जायला लागले. नातू बरोबर असायचा. अर्ध्या लिटरची एकच पिशवी, जास्त वजन उचलायचं नाही. परत आले की उरलेली चिल्लर टेबलावर एकेक करून मोजायचे. बधिर बोटांना नाणं उचलता यायचं नाही, म्हणून टेबलाच्या कडेपर्यंत ओढून तळहातावर पाडायचे. वेळ लागायचा. आजी समोर उभ्या असायच्या, मदत करायला हात पुढे यायचा आणि त्या तो मागे घ्यायच्या.

खर्चाचीही बोच असते, ‘माझ्यापायी पोरांचा पैसा चाललाय.’ ती मनात ठेवण्यापेक्षा आकडे बाबांनाच दाखवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या आणि त्यावरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतमध्ये, कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आधारवरून कार्ड निघतं. ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं. तुमच्या उपचारातलं काय काय त्यात बसतं हे रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारावं लागेल. हे विचारायचं काम बाबांनाच द्या. फॉर्म वाचायची सवय त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे.

गुरुवारही सोपा करता येतो. इंजेक्शनला मिनिटसुद्धा लागत नाही, पण रक्त द्या, रिपोर्टची वाट बघा, फार्मसी, मंजुरी, यात सकाळचे नऊ ते दुपारचे चार जातात. त्या बाकावर बसून कोणाचीही पाठ दुखेल. बुधवारी घरी माणूस बोलवून रक्त काढून घ्या, रिपोर्ट संध्याकाळी डे-केअरला पाठवा आणि गुरुवारची पहिली वेळ मागा. मागितली की बरेचदा मिळते, आम्ही सिस्टर लोक म्हाताऱ्या माणसांसाठी खटपट करतो.

सासूबाईंबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंत की बाबा त्यांच्यावर ओरडतात. त्यांचंही वय सत्तरीपुढचं असेल, रात्र रात्र त्याही जाग्याच. आठवड्यातून दोन रात्री तुमच्या यजमानांनी बाबांच्या खोलीत झोपावं आणि सासूबाईंनी दुसऱ्या खोलीत, दार लावून. आणि एक दुपार त्यांना घराबाहेर पाठवा, भजनीमंडळ, बहीण, काहीही. बाबांना सोडून त्या जाणार नाहीत, तुम्हालाच रिक्षा बोलवावी लागेल.

तुमच्यापासून जवळच, वारज्यात, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून. तिथे कर्करुग्णांची आणि घरच्यांचीही काळजी मोफत घेतात. पॅलिएटिव्ह म्हणजे ‘आता काही उरलं नाही’ असं समजून लोक तिथे फार उशिरा जातात. उपचार चालू असतानाच दुखणं, झोप, मन यासाठी जायचं असतं. एकदा दोघांना घेऊन जा.

वही मात्र आजच सुरू करा. उभ्या रेघा मारलेली लांब, हिशेबाची वही आणा. एका रकान्यात वार आणि वेळ, मग पाणी, पोट, झोप, साखर, मुंग्या आणि शेवटी मन कसं होतं. ती तुम्ही लिहू नका. पेन धरवत नसेल तर जाड पेन आणा, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. बाबांना लिहू द्या आणि पुढच्या गुरुवारी डॉक्टरांसमोर त्यांनाच वाचू द्या.